एक गोष्ट, आठवडाभराचे विषय

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गणित, परिसर, भाषा यांचं वेगवेगळं साहित्य जमवण्यात फार वेळ जातो. त्यापेक्षा भरपूर चित्रांचं एकच गोष्टीचं पुस्तक आठवडाभर वापरा.

पहिल्या दिवशी नुसतं वाचा, प्रश्न एकही नको. दुसऱ्या वाचनात गणित घ्या: पानावर पक्षी किती, दोन उडाले तर उरले किती, सगळ्यांचे मिळून पाय किती? (इथे दोनाचा पाढा न सांगता सुरू होतो.) मग गोष्टीतल्या घरापासून तळ्यापर्यंतचा नकाशा मुलांनाच काढू द्या, डावं-उजवं त्यातच पक्कं होतं. शेवटी खरं-खोटं तपासा. चित्रातला ससा गाजरं खातो, खरा ससा मुख्यतः गवत.

एका बैठकीत एकच विषय घ्या, नाहीतर मुलं पुस्तक बघूनच पळतील.