विद्यापीठाचं खातं मिळालं की पहिल्या आठवड्यात काय करावं

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. बहुतेक जण त्यावर वाय-फाय जोडतात आणि फोनवर नेट आलं की विषय तिथेच सोडून देतात. शिकत असताना मी काही काळ संगणक केंद्राच्या हेल्पडेस्कवर अर्धवेळ काम करत होते. तिथे येणाऱ्या नव्या मुलामुलींच्या अडचणी पाहून माझं एक मत पक्कं झालं. लॅपटॉप कुठला घ्यावा यावर जितका खल होतो, त्याच्या निम्मा वेळ जरी हे खातं समजून घ्यायला दिला, तरी पुढचे कितीतरी मनस्ताप टळतात. ईमेल, ग्रंथालयातली जर्नल्स, सॉफ्टवेअरची लायसन्स, लॅबमधले संगणक, प्रिंटर हे सगळं बहुतेक ठिकाणी त्या एकाच खात्याला जोडलेलं असतं. आणि ते अडतं नेमकं असाइनमेंट जमा करायच्या रात्री, कारण तोवर कुणी ते वापरूनच पाहिलेलं नसतं.

आधी वाय-फाय. पुष्कळ विद्यापीठांत नेटवर्कच्या यादीत ‘एड्युरोम’ हे नाव दिसेल. २००३ च्या सुमारास युरोपातल्या शैक्षणिक नेटवर्क चालवणाऱ्या संस्थांनी ही सोय सुरू केली, आता ती शंभराहून जास्त देशांत आहे. दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी स्वतःच्याच खात्यावर तिथलं नेट मिळतं. तिथला सर्व्हर तुमची विनंती तुमच्या विद्यापीठाकडे पाठवतो आणि पासवर्डची खातरजमा तिकडेच होते. ती विनंती कुठे पाठवायची हे कळावं म्हणून युजरनेमला जोडून विद्यापीठाचं डोमेनसुद्धा (@ आणि त्यापुढचा विद्यापीठाचा पत्ता) लिहायचं असतं. काही कॅम्पसवर नुसत्या युजरनेमवरही जोडलं जातं, त्यामुळे ही गोष्ट लक्षात येत नाही, आणि परिषदेसाठी परगावी गेल्यावर नेट लागत नाही. तेव्हा सुरुवातीलाच पूर्ण युजरनेम घालून ठेवा.

नेटवर्क जोडताना विद्यापीठाने दिलेलं सेटअप अ‍ॅप असेल तर तेच वापरा. सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे समोरचं नेटवर्क खरंच विद्यापीठाचं आहे याचा डिजिटल पुरावा, तपासायचा पर्याय बंद केला की काम पटकन होतं, पण मग त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं तर तुमचा फोन त्यालाही लॉगिनची माहिती द्यायला तयार होतो.

खातं सारखं लॉक होतंय, ही हेल्पडेस्कवरची नेहमीची तक्रार. एक संशोधक विद्यार्थिनी आली होती. तिने नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला होता, नवा पासवर्ड बरोबरच टाकत होती, तरी थोड्या थोड्या वेळाने खातं बंद पडत होतं. आम्ही ते उघडून द्यायचो, ती जिना उतरेपर्यंत पुन्हा लॉक. शेवटी तिला विचारलं, आणखी कुठलं उपकरण आहे का? सॅकच्या तळाशी एक जुना टॅबलेट निघाला. तो आपला जुनाच पासवर्ड घेऊन वाय-फायला जोडायचा प्रयत्न करत होता. चुकीचे प्रयत्न ठरावीक संख्येबाहेर गेले की यंत्रणा खातं थांबवते, मग ते प्रयत्न माणसाचे असोत की टॅबलेटचे. म्हणून पासवर्ड बदलण्याआधी सगळ्या उपकरणांवर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा, मगच बदला.

दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज फोनवरूनही ओळख पटवणं) सुरू करताना मिळणारे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खातं उघडून देणारे कोड, कागदावर उतरवून ठेवा. नवा फोन घेतलात तर आधी त्यावर पडताळणी चालू करा, जुना त्यानंतर पुसा.

वसतिगृहाच्या खोलीत भिंतीला लॅनचा पोर्ट असेल तर केबल घ्या. वाय-फायचा वेग आसपासचे सगळे मिळून वाटून घेतात, केबलला ती अडचण जवळजवळ नसते. स्वतःचा राउटर मात्र परवानगीशिवाय लावू नका. केबल राउटरच्या चुकीच्या पोर्टमध्ये गेली तर तो शेजारच्या खोल्यांतल्या संगणकांनाही चुकीचे आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखायचे क्रमांक) वाटू लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडू शकतं.

ग्रंथालयाकडे तर फार कमी जणांचं लक्ष जातं. विद्यापीठ जर्नल्सची वर्गणी भरतं आणि बरेचसे प्रकाशक वाचकाला त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखतात. म्हणून जो शोधनिबंध कॅम्पसवर सहज उघडतो, तोच घरून पैसे मागतो. पैसे भरू नका. विद्यापीठाचं व्हीपीएन (बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कमार्फत जाण्याची सोय) लावा किंवा ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून लॉगिन करून जा. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये ग्रंथालयाचं नाव जोडता येतं, मग शोधतानाच शेजारी दुवा दिसतो. तरीही मिळालं नाही तर ग्रंथपालांना विचारा, ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवू शकतात.

ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही किंवा जुना, रखडणारा आहे, त्यांना मला विशेष सांगायचंय. संकोच करू नका. लॅब तुमच्यासाठीच आहे. अनेक ठिकाणी लॅपटॉप काही दिवसांसाठी मिळतात, लॅबमधला संगणक रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसरीकडे बसून नेटवरून, वापरता येतो. याची जाहिरात कुणी करत नाही, विचारावं लागतं. मोठी आकडेमोड असेल तर क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) खातं मागा, बहुधा मार्गदर्शकांचं संमतीपत्र लागतं. तिथे लॉगिन होतं त्या मशीनवर थेट प्रोग्राम चालवायचा नसतो, कारण ती सगळ्यांची असते. काम स्लर्मसारख्या, कामं रांगेत लावणाऱ्या व्यवस्थेकडे सोपवायचं, नंबर आला की ते चालतं. तिथल्या ‘स्क्रॅच’ म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या जागेचा सहसा बॅकअप नसतो आणि जुन्या फाइल्स आपोआप पुसल्या जातात. लॅबमधल्या संगणकांचंही तेच, बऱ्याच ठिकाणी रीस्टार्ट केलं की डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं जातं. फाइल नेटवर्कवरच्या आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि उठताना साइन आउट करा.

मदत मागताना ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलं की पहिले दोन दिवस प्रश्न विचारण्यातच जातात. किती वाजता, कुठल्या इमारतीत, कुठल्या उपकरणावर, पडद्यावर नेमका काय संदेश आला आणि शेजारच्याचं चालतंय का, एवढं कळवा, शक्य तर स्क्रीनशॉट जोडा. पासवर्ड कधीच लिहू नका. खरा हेल्पडेस्क तो मागत नाही.

पदवी मिळाल्यावर हे खातं ठरावीक मुदतीनंतर बंद होऊ शकतं. ती मुदत आत्ताच विचारून ठेवा. शेवटच्या सत्रात ईमेल आणि ड्राइव्हवरच्या फाइल्स स्वतःकडे उतरवून घ्या, विद्यापीठाच्या ईमेलवर उघडलेल्या बाहेरच्या खात्यांचा पत्ता बदला, आणि शोधनिबंध पाठवला असेल तर संपादकांना नवा ईमेल कळवा.