चर मारण्याआधी: पेठेतल्या गल्लीत खोदाई करताना केबल-पाईप कसे सांभाळावेत?

नळाचं नवं कनेक्शन असो, ड्रेनेजची लाइन असो, नाहीतर कंपाउंडचा पाया. खोदायला दोन तास पुरतात. खाली काय आहे ते शोधायला मात्र अख्खा दिवस हाताशी ठेवा. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत "हितं काय न्हाई, घाल बकेट" म्हणत एकानं जेसीबी लावला. दुसऱ्याच घासाला पाण्याची लाइन फुटली आणि पुढचे तीन दिवस गल्ली टँकरवर.

पहिलं काम कागदाचं. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागतेच. त्याच फेरीत पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, टेलिफोन-इंटरनेटवाले आणि गॅसवाले, सगळ्यांकडे विचारणा करा. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलंय. त्यावर जागेची नोंद केली की संबंधित कंपन्यांना कळतं. कुणाचंच उत्तर आलं नाही, म्हणजे खाली काही नाही, असा अर्थ काढू नका. आणि भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या महापालिकेच्या माणसाला, गाठा. जुनी लाइन कुठं वळते हे नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

मग जमीन बघा. चेंबरची झाकणं, व्हॉल्व्ह, डीपी, खांबावरून खाली उतरलेली केबल, डांबरात मध्येच दिसणारा काँक्रीटचा पट्टा. हे ठिपके फक्कीनं जोडा, शेजारी 'पा', 'वि', 'गॅ' लिहा. पावसाळ्यात फक्की टिकत नाही, तेव्हा भिंतीवर ऑइल पेंटची खूण करा. खुणेसाठी लोखंडी खुंट्या ठोकू नका, तीसुद्धा खोदाईच झाली.

खरा वेळ द्यायचा तो चाचणी खड्ड्याला. लाइन असेल असं वाटतं तिथं तिला आडवा, हातभर रुंद खड्डा हातानं घ्या. पहार किंवा टिकाव सरळ खाली मारायचा नाही. फावड्यानं तिरकं, थराथरानं खरवडायचं. मुरमात अचानक भुसभुशीत माती, वाळू, विटांची ओळ किंवा प्लास्टिकची पट्टी दिसली की थांबा, खाली केबल किंवा पाईप आहे. भारतीय मानकाप्रमाणे लो टेन्शन (घरांना वीज देणारी कमी दाबाची) केबल ७५ सेंटिमीटर आणि ११ केव्हीची (जास्त दाबाची) ९० सेंटिमीटर खोल हवी. पण रस्ता कधी थरावर थर चढून उंच होतो, कधी खरवडून खाली येतो. त्यामुळं वीतभर खोलीवर केबल सापडली तरी नवल नाही. आणि केबल कितीही जुनी, धूळ खाल्लेली दिसो, 'बंद' म्हणायचा अधिकार फक्त महावितरणचा.

लाइन सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट यंत्र नको. त्यापलीकडं जेसीबी चालेल, पण बकेटवर नजर ठेवणारा एक माणूस ऑपरेटरला दिसेल असा उभा करा. उघड्या पाईपवर पाय देऊन चढू नका. लोंबकळत असेल तर आडव्या वाशाला दोरानं बांधून आधार द्या.

एवढं करूनही लागलंच तर? पाणी असेल तर चावीवाल्याला फोन. गॅसचा वास किंवा फुसफुस आली तर यंत्र तिथंच सोडा, काडी-बिडी, मोबाइल, बटण काही नको. वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जाऊन ११२ला आणि गॅस कंपनीला कळवा. भोक बुजवायला जाऊ नका. पाईपला नुसता ओरखडा आला तरी सांगा, लपवून माती टाकणं सगळ्यात घातक. केबलला बकेट लागली तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसावं, बाकीच्यांनी लांब राहावं, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. जेसीबीनं पेटच घेतला तरच दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न सोडवता टुणटुण लांब जायचं.

बुजवताना वाळू, विटा, पट्टी होती तशी परत घाला. त्याआधी टेप धरून फोटो काढा आणि मीटरच्या पेटीच्या दारावर आतून मार्करनं लिहून ठेवा: 'उंबऱ्यापासून सव्वातीन फूट, खोली दोन फूट.'