सिम्युलेटर रिगचा लोड: वॅट मोजा, पण अँपिअर 180 व्होल्टला काढा

सिम्युलेटर रिग म्हणजे गाडी चालवायच्या गेमसाठी फ्रेमवर बसवलेला कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्टिअरिंगचा संच. त्याच्या पीएसयूवर (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर) 750 वॅट लिहिलंय म्हणून तेवढा लोड धरू नका. तो आकडा पीएसयूच्या ताकदीचा, ओढ वेगळी. प्रोसेसर 120 वॅट, ग्राफिक्स कार्ड 220, मदरबोर्ड-रॅम-फॅन 60, म्हणजे 400. पीएसयूची कार्यक्षमता 88 टक्के धरली तर भिंतीतून 455 वॅट येतात. 27 इंची तीन मॉनिटर 105, डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेल्या) स्टिअरिंगचा अडॅप्टर 180 चा असेल तर पूर्ण 180, राउटर-स्पीकर 40. बेरीज 780.

230 व्होल्टला हे 3.4 अँपिअर होतात. पण मराठवाड्यात डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) पंपाच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 180 वरही बसतं. मल्टिमीटर लावून संध्याकाळी एकदा बघाच. पीएसयूला वॅट तेवढेच लागतात, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की तो करंट वाढवतो: 4.3 अँपिअर. गेम तसाच चालतो, वायर मात्र जास्त तापते. हिशेब याच आकड्यावर करा.

खोलीची लाईन बहुधा 1.5 चौरस मिमीची असते, वर 10 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). सतत चालणारा लोड 8 च्या आत ठेवा. कूलर 200 वॅट, फॅन 75, ट्यूब 20 मिळवले की 180 व्होल्टला एकूण जवळपास 6 अँपिअर. इथपर्यंत ठीक. त्याच लाईनवर 1000 वॅटची इस्त्री लावली तर 9.4 होतात (व्होल्टेज उतरलं की इस्त्री पीएसयूसारखा करंट वाढवत नाही, 180 ला ती 3.4 च घेते). त्यात एमसीबीचं रेटिंग 30 अंश तापमानाचं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पश्चिमेच्या भिंतीवरचा बोर्ड याहून कितीतरी तापलेला असतो, म्हणून एमसीबी लवकर पडतो. अशा वेळी 16 चा एमसीबी बसवणं ही सगळ्यात घातक चूक: भिंतीतली वायर 1.5 चीच राहते आणि आधी तीच जळते. डीबीतून (घरातल्या एमसीबीच्या मुख्य पेटीतून) रिगसाठी 2.5 चौरस मिमीची वेगळी लाईन ओढून 16 अँपिअरचा सॉकेट बसवा.

एक्स्टेंशन बोर्ड वापरावाच लागला तर अर्ध्या तासानं पिनला हात लावा. चटका बसत असेल, किंवा भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर आतली पत्ती सैल झालीय. बोर्ड फेका, पट्टी गुंडाळून चालवू नका.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) नाही, वॅट वाचा. 1000 व्हीएचे बरेच यूपीएस 600 वॅटच देतात. त्यावर कॉम्प्युटर आणि मधला मॉनिटर (490 वॅट) घ्या, स्टिअरिंग बाहेर ठेवा.

घराचा हिशेब बिलावरच्या मंजूर भाराशी जुळवा. दीड टनी एसी 1600, एक एचपीची मोटर 1000 आणि रिग एकदम चालणार असेल तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास जातं. भार कमी असेल तर वाढवून घ्या.

रिगच्या लोखंडी फ्रेमला हात लागताच मुंग्या येत असतील तर अर्थिंग बघा. पीएसयूतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातो. अर्थ तुटली की तो कॅबिनेटवरून आपल्या हातातून जातो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत चला, वायरमनकडून तपासून घ्या आणि डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर रिगच्या आधी तो बसवा.