द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर या चुका टाळा, नाहीतर ऑक्टोबरात घडांऐवजी बाळ्या मोजा

ऑक्टोबरातली फळछाटणी झाली की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. "फूट जोरात आहे, पण घड दिसंना." खापर फुटतं पेस्टवर (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात ते औषध), नाहीतर दुकानदारावर. अहो, घड ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत तो काडीच्या डोळ्यात (अंकुरात) धरतो, ऑक्टोबरात नुसता बाहेर दिसतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे बाग माजवणं. तासगावकडच्या आमच्या एका पाहुण्यांना एका उन्हाळ्यात पाणी मुबलक मिळालं, म्हणून युरियाचा हातही सैल सुटला. जादा फुटींची विरळणी केलीच नाही. काड्या जास्त तर घड जास्त, हा हिशोब! जूनमध्ये भर दुपारी मांडवाखाली अंधार. पानं काळीशार, शेंडे तारेबाहेर लोंबतायत, आणि पाहुणे येईल त्याला बाग दाखवतायत. काडी हातात घेतली तर पेरं लांबच लांब, डोळे चपटे. ऑक्टोबरात निम्म्याहून जास्त फुटी वांझ, बाकीच्यांवर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा. डोळ्याला ऊन नाही, वेलीला नत्राची चैन. घड धरणार कुठून?

मी फुटी चार-पाच पानांवर असतानाच विरळणी उरकतो आणि सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्याच काडीवर पुढची उपकाडी, करतो. दुपारी बारा वाजता मांडवाखाली उभं राहायचं. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले नाहीत तर कात्री काढायची. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना फवारणीचं वेळापत्रक हवं असतं. घड धरायला मदत करणारी 6-बीए, युरासिल ही औषधं मारा की, पण गर्दी तशीच ठेवून मारलं तर पैसे पाण्यात.

खरड छाटणी मे मध्यावर ढकलू नका. 10 एप्रिलला छाटलं तर घड धरायचे दिवस 20 मे ते 10 जूनच्या आसपास, बऱ्यापैकी उन्हात येतात. महिनाभर उशीर केलात की तेच दिवस जून-जुलैच्या ढगांत सापडतात.

घड कितव्या डोळ्यात आहे हे सांगणाऱ्या काडी तपासणीला बांधाकडेच्या चांगल्या काड्या नेऊ नका. बागेच्या सगळ्या भागांतून घ्या, दाट सावलीतल्याही. अहवाल येईपर्यंत कात्रीला हात नको. घड चौथ्या डोळ्यात आणि छाटणी तिसऱ्यावर, असले प्रकार दरवर्षी बघतो.

आणि पेस्टिंगला हातमोजे घालाच. त्या गड्यांना आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात नको. पेस्टमधल्या हायड्रोजन सायनामाइडवर दारू जिवावर बेतते. हे मजुरी ठरवतानाच स्पष्ट सांगायचं.