ईसीजी शिकताय? पट्टी वाचण्याआधी या चुका टाळा

शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, अटॅकची पट्टी कशी ओळखायची?" मी म्हणतो, आधी दहा इलेक्ट्रोड (हृदयाची वीज टिपणारी, तारेला जोडलेली टोकं) जागच्या जागी लावायला शीक. वाचणारा चुकला तर तीच पट्टी, म्हणजे ईसीजीचा कागदावरचा आलेख, दुसरं कुणी पुन्हा वाचू शकतं. काढणाराच चुकला तर हुशार डॉक्टरही फसतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो हातांच्या तारांच्या अदलाबदलीचा. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा असतो. अमेरिकी पद्धतीच्या केबलचे रंग वेगळे असतात, त्यामुळे तारेवरचं अक्षरही वाचायचं.

एका रात्री साठीच्या मावशी छातीत जड वाटतंय म्हणून आल्या. शिकाऊ मुलाने घाईत लाल-पिवळा उलटे लावले. लीड १ (दोन हातांमधली नोंद) पी लाटेसकट (ठोक्याची पहिली छोटी लाट) उलटी आली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना जुन्या अटॅकची शंका आली, मोठ्या दवाखान्यात हलवायची बोलणी सुरू झाली आणि मावशींचा मुलगा व्हरांड्यात रडायला लागला. मी पट्टी हातात घेतली तर एव्हीआर (उजव्या हाताच्या बाजूची नोंद) सुलटी! ती एरवी उलटीच दिसते. म्हणजे एक तर हृदय उजव्या बाजूला, नाहीतर तारा उलट्या. हृदय उजवीकडे असतं तर व्ही१ पासून व्ही६ पर्यंत (छातीवरच्या सहा नोंदी) आर लाट (ठोक्याची वर जाणारी टोकदार लाट) खुजी होत गेली असती. इथे ती नेहमीसारखी वाढत होती. तारा बदलून पुन्हा पट्टी काढली, लीड १ सरळ आली. दुखणं होतंच, म्हणून ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि थोड्या वेळाने आणखी एक ईसीजी झाला; दोन्ही ठीक निघाले. मावशींच्या मुलाचा तो अर्धा तास मात्र मला अजून आठवतो.

तेव्हापासून पट्टी मशीनमधून बाहेर येताच माझी नजर लीड १ आणि एव्हीआरवर जाते. लीड २ जवळजवळ सपाट आली तर लाल आणि काळ्याची अदलाबदल झाली का, हे आधी बघतो. रुग्णाजवळून हलण्याआधीच हे करायचं.

दुसरी चूक म्हणजे व्ही१ आणि व्ही२ फार वर लावणं. मुलं गळ्याच्या हाडाखालून बरगड्यांमधल्या फटी मोजायला लागतात आणि तिथेच गणित बिघडतं. छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली सरकवा, एक उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून चौथ्या फटीपर्यंत उतरा: हाडाच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. वर लावलं तर आर लाट लहान दिसते आणि हृदयाच्या समोरच्या भिंतीला जुना अटॅक आल्यासारखं भासतं, किंवा उजव्या बंडल ब्लॉकसारखी (हृदयातल्या उजव्या विद्युतवाटेत अडथळा) नक्षी उमटते. व्ही४ पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. व्ही५, व्ही६ व्ही४ च्याच पातळीत काखेकडे. बायकांची पट्टी काढताना संकोचापोटी अंदाजाने लावू नका. पडदा ओढा, काय करणार ते सांगा, अंगावर चादर द्या आणि नीट मोजा. नजरेने जागा ठरवणारा माणूस मला चालत नाही, कितीही जुना असो.

बाकीच्या थोडक्यात. वेग सेकंदाला २५ मिमी आणि उंची मिलीव्होल्टला १० मिमी आहे ना, हे प्रत्येक पट्टीवर बघा. रेघ थरथरते म्हणून लगेच फिल्टर (रेघ गुळगुळीत करणारी मशीनची सोय) चढवू नका, त्याने लाटांचा आकार बदलू शकतो. आधी हात गरम करा, घाम पुसा, जेली बदला. कंपवाताच्या रुग्णाची थरथर धोकादायक लयीसारखी दिसू शकते, म्हणून आधी नाडी धरा आणि माणूस शुद्धीवर आहे का बघा. लय अनियमित असेल तर ३०० ला दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकोनांनी भागून मिनिटाचे ठोके काढायचा शॉर्टकट चालत नाही. १० सेकंदांतले ठोके मोजून ६ ने गुणा.

मशीनने वर छापलेलं निदान मी शेवटी वाचतो, आणि माझ्या मुलांना तर ते कागदाने झाकूनच पट्टी देतो.