कॅथेटरची कॅप काढण्यापूर्वी

डायलिसिस विभागात नव्याने रुजू झालेल्या टेक्निशियनला आणि परिचारिकेला बहुधा मशीनची धास्ती असते. मला मात्र इतक्या वर्षांनंतरही जपावेसे वाटते ते रुग्णाच्या मानेतल्या कॅथेटरला, कारण त्या नळीचे आतले टोक थेट हृदयाशी असते आणि हबवर, म्हणजे नळीच्या बाहेरच्या जोडणीच्या तोंडावर, राहिलेले जंतू रक्तात जायला वेळ लागत नाही.

उमेदवारीच्या काळात एकदा, दुसरी शिफ्ट खोळंबलेली असताना, मी एका आजोबांच्या कॅथेटरचे हब स्वॅबने वरवर पुसले आणि लाइन जोडली. अर्ध्या तासाने त्यांना हुडहुडी भरली. अंगावर दोन ब्लँकेटे घातली तरी दातांवर दात आपटत होते. संसर्ग त्याच दिवशी शिरला की आधीपासून नळीत होता, हे सांगता येणार नाही. पण हबच्या आट्यांत वाळलेले रक्त मला दिसले होते आणि मी ते तसेच सोडले होते.

म्हणून नव्यांना माझे पहिले सांगणे असे की हब पुसू नये, घासावे. आपण आणि रुग्ण दोघांनीही मास्क लावावा, हात स्वच्छ करून ग्लोव्ह्ज घालावेत, क्लॅम्प बंद असल्याची खात्री करून मगच कॅप काढावी, आणि हबची कड व आटे अँटिसेप्टिक पॅडने 10 ते 15 सेकंद, रक्ताचा कण राहणार नाही असे घासून वाळू द्यावेत. प्रत्येक लुमेनसाठी, म्हणजे कॅथेटरच्या प्रत्येक नलिकेसाठी, नवा पॅड घ्यावा. एक्झिट साइटवर, म्हणजे नळी त्वचेतून बाहेर येते त्या जागी, अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन लावल्यावरही ते वाळेपर्यंत थांबावे. फुंकर मारून वाळवण्याची सवय मी पाहिली आहे, ती घातक आहे.

रुग्ण “थंडी वाजतेय” म्हणाला तर एसीला दोष देऊन पुढे जाऊ नये. वयस्कर रुग्णाला ताप नसतानाही रक्तात संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना लगेच कळवावे आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का हे पाहण्याची तपासणी) घेतले जाईल याकडे लक्ष द्यावे.

कॅथेटरपेक्षा फिस्टुलात (हातातली धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या रक्तमार्गात) संसर्गाचा धोका बराच कमी असतो, पण तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे हा विषय रुग्णाच्या घरच्यांपाशी सुरुवातीलाच काढावा, आणि ज्या हातावर फिस्टुला करायचा आहे त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, असे त्यांना बजावून ठेवावे.