रस्ते झाडल्याने गोदावरीत जाणारी घाण किती घटते? मॉडेल करताना या चुका टाळा

एसडब्ल्यूएमएम या शहरातलं पावसाचं पाणी आणि त्यातलं प्रदूषण मोजणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये झाडणीचे आकडे भरले आणि निकालात काहीच फरक दिसला नाही, किंवा एकदम ६० टक्के प्रदूषण घटलेलं दिसलं, तर दोन्ही वेळा आधी मॉडेलवरच संशय घ्यावा. नाशिकमध्ये सिंहस्थाच्या तोंडावर याच आकड्यावरून झाडणी यंत्रांचा खर्च ठरणार असेल, तर तो चुकून चालणार नाही.

झाडणी शून्य दिसते

रिपोर्टमधला 'रनऑफ क्वालिटी कंटिन्युइटी' तक्ता उघडा आणि 'स्वीपिंग रिमूव्हल' ही ओळ वाचा. तिथे शून्य असेल तर मॉडेलने झाडू फिरवलेलाच नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. झाडणीचं अंतर (दोन झाडण्यांमधले दिवस) आणि उपलब्धता (साठ्यातला झाडूच्या आवाक्यातला हिस्सा) लँड यूजच्या, म्हणजे जमिनीच्या वापराच्या, पहिल्या पानावर भरली जाते, पण 'क्लीनिंग एफिशिअन्सी' (त्या हिस्स्यातलं किती निघतं) वॉशऑफच्या, म्हणजे पावसाने धुऊन जाण्याच्या, पानावर प्रत्येक प्रदूषकासाठी वेगळी भरावी लागते. ती राहून जाते. शिवाय उपलब्धता ० ते १ मध्ये लिहायची आणि एफिशिअन्सी टक्क्यांत. तिथे ०.५ लिहिलं तर मॉडेल अर्धा टक्का धरतं, पन्नास नव्हे.

वॉशऑफला ईएमसी (पूर्ण सरीसाठी एकच सरासरी संहती, म्हणजे पाण्यातलं प्रदूषकाचं प्रमाण) निवडून बिल्डअप (कोरड्या दिवसांत साठणारी धूळ) कोरा ठेवला, तरीही झाडणीचा परिणाम दिसत नाही. झाडायला धूळच नसते. बिल्डअप दिला तरी ईएमसी साठा संपेपर्यंत तीच संहती देत राहते, म्हणून झाडलेल्या आणि न झाडलेल्या रस्त्याची सर सारखीच दिसते. झाडणी तपासायची असेल तर एक्सपोनेन्शियल वॉशऑफ घ्या, त्यात धुऊन जाणारी धूळ उरलेल्या साठ्यावर आणि प्रवाहावर ठरते. त्यातला गुणांक अमेरिकन कोष्टकातून उचलला असेल तर एकक बदला: तिथे प्रवाह ताशी इंचांत असतो, आपल्याकडे मिलिमीटरमध्ये. प्रवाहाचा घातांक १.५ असेल तर गुणांकाला सुमारे १२८ ने भागावं लागतं.

जूनची पहिली सर

नाशिकचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मॉडेल १ जूनला सुरू केलं आणि 'अँटिसिडंट ड्राय डेज' (आधीचे कोरडे दिवस) शून्यच राहू दिले, तर पहिली सर धुतलेल्या रस्त्यावर पडते. खरं तर मेनरोडच्या कडेला कित्येक महिन्यांची धूळ बसलेली असते. सिम्युलेशन आदल्या ऑक्टोबरपासून चालवा, म्हणजे कोरड्या महिन्यांतली झाडणीही हिशेबात येते. निकालही दोन भागांत मांडा: पहिल्या दोन-तीन सरी वेगळ्या, बाकीचा पावसाळा वेगळा. भर पावसाळ्यात रोजच्या सरीच रस्ता धुतात, झाडूसाठी फारसं उरत नाही. वर्षाची एकच सरासरी दिली की जूनचा फायदा त्यात बुडतो.

महिन्यातून एकदा झाडून किती उपयोग?

एक्सपोनेन्शियल बिल्डअपचा (कमाल साठ्याकडे हळूहळू मंदावत जाणाऱ्या साठ्याचा) दर दिवसाला ०.४ धरू. उपलब्धता ०.७ आणि एफिशिअन्सी ५० टक्के असेल, तर एका फेरीत ०.७ × ०.५, म्हणजे साठ्याचा ३५ टक्के भाग निघतो. झाडणीआधी साठा कमाल असेल तर रस्ता कमाल साठ्याच्या ६५ टक्क्यांवर येतो. तीन दिवसांनी तोच साठा ८९ टक्के असतो आणि सातव्या दिवशी ९८. महिन्याने झाडू फिरला तर तीन आठवडे रस्ता न झाडल्यासारखाच असतो. म्हणून अंतर बदलून पाहण्याआधी हा दर नीट बसवा. निकाल त्यावरच सर्वाधिक हलतो.

उपलब्धताही ठोकळ धरू नका. नाशिकच्या भद्रकालीत कडेला गाड्या लागलेल्या असतात आणि धूळ नेमकी त्यांच्याखालीच असते. गंगापूर रोडची ०.७ तिथे चालणार नाही.

सगळ्यांत महाग पडणारी चूक: बारीक धूळ

एकच एफिशिअन्सी सगळ्या प्रदूषकांना लावू नका. अमेरिकेत १९७२ मध्ये सार्टर आणि बॉइड यांनी रस्त्यांवरची धूळ चाळून पाहिली. ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वजनाने जेमतेम ६ टक्के निघाले, पण ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीचा सुमारे चौथा हिस्सा आणि जड धातूंचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांच्यातच होता. ब्रशचं यंत्र एकूण धूळ निम्मी उचलत होतं, ही बारीक धूळ मात्र अवघी १५ टक्के. गाळासाठी ५० लिहिलंत म्हणून जस्त-शिशासाठीही ५० लिहू नका. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागातल्या रस्त्यांवर ही चूक जास्त नडेल. व्हॅक्यूम यंत्राचा आकडा वेगळा येतो.

खराट्याने कडेला केलेला ढीग सर येईपर्यंत उचलला नाही किंवा पावसाळी गटाराच्या जाळीतून आत ढकलला, तर मॉडेलमधली 'काढलेली' धूळ नदीतच जाते. हिशेब झाडलेल्या किलोमीटरचा नको, गाडीत भरून तोललेल्या मातीचा हवा.

गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीसारख्या ठिकाणी कोरड्या दिवशीही पाणी वाहत असेल, तर त्याचा नमुना आधी घ्या आणि सरीच्या नमुन्यातून तो भार वजा करा. नाहीतर सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) रस्त्याच्या धुळीवर चढतो आणि झाडणी फारच गुणकारी ठरते. छपरं आणि अंगणं वेगळ्या लँड यूजमध्ये ठेवा. तिथे झाडू फिरत नाही.

एफिशिअन्सी स्वतः मोजायची असेल तर कर्बलगतचे सारख्या वापराचे, एकमेकांना लागून असलेले दहा-दहा मीटरचे दोन पट्टे आखा. झाडणीआधी एक आणि झाडणीनंतर दुसरा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, माती वाळवा, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि चाळणीवरचं-खालचं वजन वेगवेगळं लिहा. निदान पाच जागी हे करा आणि चाळणीखालच्या वजनातली घट बारीक कणांना चिकटणाऱ्या प्रदूषकांसाठी वापरा.